इंग्रजी पत्रातला ‘तुमचा’ आणि ‘आमचा’



मागच्या वर्षावासातील गोष्ट आहे. रविवारी सकाळी विहारात वंदना व ग्रंथवाचन आटोपले की मोठी माणसे चहाला बाहेर पडतात आणि दहापासून बारापर्यंत आम्ही वस्तीतल्या मुलांना इंग्रजी शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. फाडफाड इंग्रजी बोलणे आम्हाला अजूनही जमत नाही. पण वीस वर्षे इंग्रजी पत्रे टंकून, नोंदवून, जावक करून जेवढे हाताला लागले तेवढे मुलांपुढे ठेवतो. फी नाही. खडू विहाराचा, फळा एका बंद पडलेल्या बालवाडीचा.

त्या रविवारी वर्ग सुटता सुटता आमच्या गल्लीतल्या एक ताई आपल्या मुलीला घेऊन आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. ताईंचे मिस्टर एका कारखान्याच्या टेम्पोवर चालक होते. आदल्या वर्षी ते कालकथित झाले. कारखान्याने कामगारांचा सामुदायिक विमा उतरवला होता. त्याचे पैसे मिळावेत म्हणून ताईंनी अर्ज केला होता, आणि आता एका विमा कचेरीचे इंग्रजी पत्र आले होते. मुलगी बारावीला, वाणिज्य शाखेला. पत्र तिने घरी वाचून दाखवले होते, पण मायलेकींचे समाधान होईना.

ताई म्हणाल्या, “भाऊ, ह्यात लेट म्हणून लिहिलंय. हे कधी लेट गेले नाहीत हो कामावर. साडेपाचला डबा घेऊन बाहेर पडायचे.”

पत्रात ‘युअर लेट हजबंड’ असे शब्द होते. आमच्या घशाशी आवंढा आला. ‘लेट’ हा शब्द आपल्या वस्तीत कोणाला शिकवावा लागत नाही. गाडी लेट, पगार लेट, मस्टरवर लेटमार्क. पण इंग्रजीत हा एकच शब्द दोन जागी बसतो आणि जागा बदलली की अर्थ बदलतो. ‘ही केम लेट’ म्हटले की तो क्रियापदाच्या मागे उभा राहून ‘कसा आला, केव्हा आला’ ते सांगतो, तेव्हा तो क्रियाविशेषण. ‘हर लेट हजबंड’ म्हटले की तो ‘हर’ आणि ‘हजबंड’ यांच्या मधोमध बसतो, तेव्हा तो विशेषण, आणि अर्थ कालकथित. ताईंना एवढेच सांगितले, की हे त्यांच्या वेळेबद्दल नाही, ते गेले म्हणून लिहिण्याची रीत आहे. ताईंनी मान हलवली. मुलीने मात्र वहीत लिहून घेतले.

मग खालचे वाक्य. त्यात दावा बंद केल्याचे कळवले होते आणि कारण दिले होते: ‘ड्यू टु युअर नॉन-सबमिशन ऑफ द ओरिजिनल डॉक्युमेंट्स विदिन द स्टिप्युलेटेड पिरियड’. मराठीत सांगायचे तर, मूळ कागदपत्रे मुदतीत सादर न करण्याचा जो तुमचा प्रकार, त्यामुळे.

मुलगी म्हणाली, “काका, पण आम्ही दिले होते. मी स्वतः आईबरोबर गेले होते. मग इथं ‘युअर’ कशाला लिहिलंय?”

आणि तिने पिशवीतून अर्जाची दुय्यम प्रत काढली. तिच्यावर कचेरीचा गोल शिक्का, तारीख, कोणाची तरी वेलांटीसारखी सही. पोच! आपल्या लोकांनी बाकी काही जपले नाही तरी पोच जपावी, हे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. ताईंनी ती जपली होती.

मुलीच्या प्रश्नाने आम्ही विचारात पडलो, कारण उत्तर आम्हाला ठाऊक होते. तो ‘युअर’ तिथे कसा येतो हे आम्ही वीस वर्षे पाहिले आहे, नव्हे, आमच्याच बोटांनी टंकला आहे. कपाटात कागद सापडला नाही की साहेब म्हणतात, “नॉन-सबमिशन टाका.” सबमिट हे क्रियापद. कोणी सादर केले, काय केले, केव्हा केले, असे सगळे विचारून घेणारे. त्याचे ‘सबमिशन’ हे नाम केले की त्याची जीभ कापली जाते. क्रियापदाला काळ असतो, नामाला काळ नाही. क्रियापदाला कर्ता लागतो, नामाला कर्ता नसला तरी चालतो. मग त्या नामाला पुढून ‘नॉन’ जोडायचे, आणि त्याच्याही पुढे ‘युअर’ नाहीतर ‘हिज’ चिकटवायचे, की झाले. ‘तुम्ही कागद दिले नाहीत’ असे सरळ वाक्य लिहिले असते तर लिहिणाऱ्याचा हात क्षणभर थबकला असता. खरेच दिले नाहीत का? आवक नोंदवही पाहू या का? ‘युअर नॉन-सबमिशन’ लिहिताना हात थबकत नाही. एखादी वस्तू ताईंच्या मालकीची असावी, तसा तो दोष त्यांच्या मालकीचा होऊन बसतो.

आम्ही मुलीला म्हटले, “उत्तर तू लिही. आम्ही दुरुस्त करू.”

पुढच्या बुधवारी ती वही घेऊन घरी आली. पहिलेच वाक्य तिने केले होते ‘माय पर्सनली सबमिशन’. चूक आहे, पण ही चूक लाखमोलाची. आपल्या मुलांच्या निम्म्या चुका याच जागी होतात. म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ज्यांच्या घरी दहावी-बारावीची मुले आहेत त्यांनी हा भाग मुलांना वाचून दाखवावा.

आम्ही तिला इंग्रजी बाजूला ठेवायला सांगितले आणि विचारले, “तुझी आई रागावली की काय म्हणतेस? ‘तिचे मोठ्याने बोलणे’ की ‘तिचे मोठा बोलणे’?”

“मोठ्याने बोलणे.”

“आणि आवाज?”

“मोठा आवाज. मोठ्याने आवाज कोण म्हणतं?”

झाले, इंग्रजीचा नियम तिने मराठीत सांगून टाकला. ‘बोलणे’ हे दिसायला नाम आहे, त्याच्या आधी ‘तिचे’ लागते, पण त्याच्या पोटात क्रियापद अजून जिवंत आहे. म्हणून त्याला ‘मोठ्याने’ हे क्रियाविशेषण मानवते. ‘आवाज’ हे नुसते नाम, त्याला ‘मोठा’ हे विशेषणच हवे. इंग्रजीतही तसेच. ‘सबमिशन’ हा आवाज आहे, म्हणून ‘माय पर्सनल सबमिशन’. ‘सबमिटिंग’ हे बोलणे आहे, म्हणून ‘माय पर्सनली सबमिटिंग’ असेही चालते. आणि ‘सबमिटेड’ हे तर उघड उघड क्रियापद, तिथे ‘आय पर्सनली सबमिटेड’. ‘माय’ दोघांच्याही पुढे बसतो, त्यावरून फरक कळत नाही. मागे काय बसते ते पाहायचे.

दुसरी खूणही मराठीतच आहे. ‘पत्र लिहिणे’ म्हणतो, पण ‘पत्र लेखन’ असे दोन सुटे शब्द म्हणत नाही. ‘पत्राचे लेखन’ म्हणतो, नाहीतर समास करतो. ‘लिहिणे’ हे कर्म थेट उचलते, ‘लेखन’ला मध्ये ‘चे’ लागतो. तसेच ‘माय सबमिटिंग द फॉर्म’ सरळ चालते, पण ‘माय सबमिशन द फॉर्म’ चालत नाही, तिथे ‘ऑफ’ घालावा लागतो. मुलांनी ‘ऑफ’ कुठे घालायचा हे पाठ करण्यापेक्षा हे ‘चे’ आठवावे.

इंग लागलेला शब्द कधी कधी पुरता नाम होऊन जातो, तेही खरे. विहाराच्या कपाटात बाबासाहेबांचे खंड आहेत, महाराष्ट्र शासनाने 1979 पासून काढलेले. त्यांच्या पाठीवर ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’ छापले आहे. ‘रायटिंग’ला अनेकवचनाचा ‘ज’ लागला की त्याच्यातले क्रियापद संपले. तिथे आता कोणी क्रियाविशेषण जोडू नये.

मुलीने आणखी एक विचारले. तिच्या शिकवणीच्या सरांनी ‘माय’ऐवजी ‘मी’ चालतो, म्हणजे ‘मी सबमिटिंग’, असे सांगितले होते. आमच्या पिढीने रेन आणि मार्टिनच्या पुस्तकावरून व्याकरण घोटले, त्यामुळे आमचा कल ‘माय’कडे. पण खुद्द इंग्रजांत याच्यावर वाद झालेला आहे. फाउलर नावाच्या कोशकाराने 1926 च्या आपल्या ग्रंथात ‘मी’, ‘हिम’ वापरणाऱ्यांना चांगलेच झोडपले, आणि तरीही बोलण्यात इंग्रज लोक सर्रास तसेच बोलत राहिले. तेव्हा बोलताना कोणी ‘मी’ म्हटले तर हसू नये. कचेरीच्या पत्रात मात्र ‘माय’ लिहावे, म्हणजे समोरच्याला बोट दाखवायला जागा उरत नाही.

वही पुढे वाचली तर दुसरी गंमत. मुलीने वडिलांविषयी लिहिताना ‘माय हजबंड अँड देअर पॉलिसी’ असे लिहिले होते. (पत्र आईच्या नावाने म्हणून ‘हजबंड’.) आम्ही विचारले, “देअर का? पॉलिसी एकाचीच ना?”

ती म्हणाली, “आई नेहमी ‘त्यांची’ म्हणते.”

बरोबरच आहे. आपण ‘त्यांची’ म्हणतो तो आदर. इंग्रजीत हा आदर सर्वनामात ठेवायला जागाच नाही. तिथे शिपाई ‘ही’, साहेबही ‘ही’, दोघांची खुर्ची ‘हिज’. आम्हाला हे पहिल्यांदा कळले तेव्हा, खोटे कशाला सांगू, बरे वाटले होते. चौदा एप्रिलच्या निबंधस्पर्धेचे कागद आम्ही तपासतो. दरवर्षी दहा-बारा मुले बाबासाहेबांविषयी ‘देअर फादर’ असे लिहितात. चूक आहे म्हणून लाल रेघ मारतो, पण गुण कापताना हात जड होतो. मुलाने आदर भाषांतर करून पाहिला, आणि तो त्या भाषेत मावला नाही, एवढेच.

तथागतांविषयीही तेच. 1957 साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे नाव ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’. मराठीत आपण ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतो. ‘हिज’चा ‘त्यांचा’ झाला. एक कार्यकर्ते आम्हाला सांगत होते की ‘हिज’चा ‘एच’ मोठा आहे तो आदरार्थी. तसे नाही. इंग्रजी पुस्तकाच्या नावात ‘अँड’सारखे बारके शब्द सोडून बाकीच्यांचे पहिले अक्षर मोठे काढायची पद्धत आहे. आदर ग्रंथात आहे, ‘एच’मध्ये शोधू नये.

‘हिज’ आणि ‘हर’ यांतला घोटाळा यापेक्षाही जुना. मूल ‘त्याची बहीण’ याचे भाषांतर ‘हर सिस्टर’ असे करते. मास्तर कान पिळतात, पण कारण सांगत नाहीत. कारण मराठीच्या शेपटीत आहे. आपला ‘चा, ची, चे’ हा मालकाकडे बघत नाही, वस्तूकडे बघतो. बहीण स्त्रीलिंगी म्हणून ‘त्याची’. इंग्रजीत वस्तूकडे कोणी पाहत नाही. मालक पुरुष असेल तर ‘हिज’, मग वस्तू बहीण असो, भाऊ असो, घर असो. मुलाला ‘ची’ ऐकू येते आणि ते बाईचा शब्द शोधायला धावते. त्याला सांगावे, शेपूट सोड, डोके धर. ‘त्या’ दिसला की ‘हिज’, ‘ति’ दिसला की ‘हर’. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आमच्या आधीच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या, पुस्तक चांगलेच आहे. पण आमच्या वर्गातल्या मुलांना ही डोके-शेपटीची युक्ती लवकर उमगली.

त्या दिवसापासून आम्ही वर्गात उदाहरणे बदलली. रामाचे पुस्तक, सीतेची बाहुली पुरे झाले. फळ्यावर बाबासाहेबांच्या ग्रंथांची नावे लिहिली आणि मुलांना विचारले, यात ‘कोणाचा’ हा शब्द शोधा. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांनी जो निबंध वाचला त्याच्या नावात आहे ‘देअर मेकॅनिझम’. कोणाचे? कास्ट्सचे, जातींचे. जाती अनेक, म्हणून ‘देअर’. 1923 चा रुपयावरचा प्रबंध, त्यात ‘इट्स ओरिजिन अँड इट्स सोल्यूशन’. कोणाचे? एक मुलगा पटकन म्हणाला, रुपयाचे. नव्हे. नाव आहे ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’, तर उगम आणि उत्तर आहे त्या प्रश्नाचे. रुपयाला उत्तर कसले असेल? ‘इट्स’ वाचला की बोट मागे न्यायचे आणि मालक शोधायचा, ही सवय त्या एका नावाने लागली. (मालकी सांगणाऱ्या या ‘इट्स’मध्ये वरचा स्वल्पविराम नसतो. चांगल्या चांगल्या पाट्यांवर तो असतो, तिकडे पाहू नये.)

आणि मग क्रियापदाचे नाम होते तेव्हा काय होते, हे दाखवायला दोन नावे शेजारी शेजारी लिहिली. 1936 चे ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणाला बोलावून नंतर बेत रद्द केला, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वतः छापले, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘ॲनिहिलेट’ हे क्रियापद, त्याचे नाम ‘ॲनिहिलेशन’, ‘ऑफ’ने कर्म जोडले आहे: जातीचे. कर्ता नाही. कोणी करायचे? आमचा आपला समज असा, की ती जागा वाचणाऱ्यासाठी मोकळी आहे. नामात कर्ता लपतोच असे नाही, कधी कधी तो हाक मारून बोलावला जातो.

दुसरे नाव 1945 चे, ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स’. इथे नामबिम काही नाही. कर्ते दोघे नावानिशी, क्रियापद ‘हॅव डन’, आणि ज्यांच्यावर केले ते शेवटी. एखाद्या सरकारी कारकुनाच्या हाती हे नाव दिले असते तर त्याने ‘द ट्रीटमेंट ऑफ द अनटचेबल्स’ करून टाकले असते. वागणूक मिळाली, पण दिली कोणी? पत्ता नाही. आमच्या वर्गातल्या आठवीच्या पोरालाही दोन्हींतला फरक कळला. ते म्हणाले, “एकात नाव घेतलंय, एकात नाही घेतलं.”

बहिष्कृत हितकारिणी सभेच्या 1924 च्या ब्रीदात तर तीन नुसती क्रियापदे आहेत. आज आपण ती ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ अशी म्हणतो. इंग्रजीत ‘ॲजिटेट’ मध्ये आहे आणि ‘ऑर्गनाइझ’ शेवटी, आणि या क्रमावर आपल्या सभांत पुष्कळ वाद होतात. तो वाद इथे काढत नाही. कोणीही त्यांचे ‘एज्युकेशन, ॲजिटेशन, ऑर्गनायझेशन’ करून पाहावे, म्हणजे ते एखाद्या संस्थेच्या वार्षिक अहवालातील तीन मथळ्यांसारखे कसे दिसू लागतात ते कळेल.

मुले शाळेत संविधानाची उद्देशिका रोज म्हणतात, म्हणून तीही फळ्यावर घेतली. सगळी उद्देशिका मिळून एकच वाक्य आहे, हे कितीक मोठ्या माणसांनाही माहीत नसते. कर्ता अगदी सुरुवातीला, ‘वी’, आम्ही. मुख्य क्रियापदे थेट शेवटी. मध्ये एवढे अंतर, पण कर्ता विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. निर्धार केला तो कसा, तर ‘सॉलेमली’, क्रियाविशेषण क्रियापदाला चिकटून. सर्व नागरिकांच्या आधी ‘इट्स’, बोट मागे न्या, भारत सापडतो. संविधानसभेच्या आधी ‘आवर’. ती कोणा व्हाइसरॉयची नव्हे, आमची. आणि शेवटी ‘हिअरबाय’, हाही क्रियाविशेषणच, जो आम्ही कारकून दिवसातून दहा वेळा टंकतो. पण तिथे त्याला केवढे वजन! आम्ही मुलांना विचारले, हेच वाक्य आमच्या कचेरीतल्या मराठीत कसे झाले असते? वर्गात शांतता. मग आम्हीच सांगितले: ‘संविधानाचे अंगीकरण करण्यात येत आहे.’ मुले हसली. ‘करण्यात येत आहे’ या तीन शब्दांत महाराष्ट्रातला प्रत्येक अर्ज अडकलेला आहे. करणारा कोण, ते कधी कळले आहे का?

असो. ताईंच्या पत्राकडे येतो.

मुलीने तिसऱ्या खेपेस जे उत्तर लिहिले त्यात सगळी क्रियापदे होती. ‘आय पर्सनली सबमिटेड द ओरिजिनल डॉक्युमेंट्स ॲट युअर काउंटर’, पुढे तारीख. ‘युअर ऑफिस स्टॅम्प्ड माय कॉपी’, पुढे पोच जोडल्याचे. ‘युअर’ आता दोनदा आला होता, पण या वेळी तो काउंटरच्या आणि ऑफिसच्या पुढे होता. तिने ‘काइंडली’ कुठे घालायचा म्हणून विचारले. ‘काइंडली’ म्हणजे आपल्या अर्जांचा ठरलेला पोशाख. आपण तो नेहमी साहेबाच्या क्रियापदाला नेसवतो: काइंडली ग्रँट, काइंडली कन्सिडर. आम्ही म्हटले, एकदा घाल, शेवटच्या वाक्यात, रीत म्हणून. तिने विचार करून ‘प्लीज’ घातले. राहू दिले.

ताईंनी सही केली, मराठीत, जोडाक्षर जपून. रजिस्टर पोस्टाऐवजी आम्ही त्यांना पुन्हा काउंटरवरच पाठवले आणि पुन्हा पोच घ्यायला लावली.

सात आठवड्यांनी उत्तर आले. दावा पुन्हा विचारात घेतल्याचे कळवले होते. कागदपत्रांविषयी एवढेच होते, की ‘द डॉक्युमेंट्स हॅव सिन्स बीन ट्रेस्ड’. मुलीने ते वाक्य आम्हाला दाखवले आणि स्वतःच म्हणाली, “सापडले. पण हरवले कोणी, ते नाही लिहिलं. आणि ‘आवर’ पण नाही.” हरवले तेव्हा दोष ‘युअर’ होता. सापडले तेव्हा तो कोणाचाच राहिला नाही. पैसे पाचव्या आठवड्यात ताईंच्या खात्यात जमा झाले. माफीचा शब्द आला नाही, ताईंनीही मागितला नाही. मुलगी आता रविवारी लहान मुलांचा ‘हिज-हर’ घेते.

हे सगळे लिहायला बसलो त्याचे कारण त्यानंतरचे आहे. मागच्या महिन्यात आमच्या स्वतःच्या टेबलावर एक प्रकरण आले. एका निवृत्त गृहस्थांची फाइल कपाटे हलवताना आमच्याकडून गहाळ झाली होती आणि चार महिन्यांनी दुसऱ्याच गठ्ठ्यात सापडली. त्यांना विलंबाचे कारण इंग्रजीत कळवायचे होते. आम्ही मसुद्यात लिहिले, ‘ड्यू टु आवर मिसप्लेसिंग द फाइल’. लिहिताना ती मुलगी डोळ्यांपुढे होती, हे कबूल करतो. मसुदा साहेबांकडे गेला आणि अर्ध्या तासात परत आला. साहेबांनी काही विचारले नाही, रागावलेही नाहीत. लाल शाईने ‘आवर’ खोडून वर ‘द’ लिहिला होता, आणि ‘मिसप्लेसिंग’च्या पुढे बारीक अक्षरात ‘ऑफ’ घातला होता. ‘द मिसप्लेसिंग ऑफ द फाइल’. व्याकरण त्यांचे मुळीच चुकले नव्हते. ‘आवर’ गेला की त्या ‘इंग’ला ‘ऑफ’ लागतो, हे त्यांना चांगले माहीत आहे.

आम्ही थोडा वेळ कागद हातात धरून बसलो. मग तो पुन्हा टंकला. जावक क्रमांक पडून पत्र त्याच दिवशी गेले. स्थळप्रतीवर, मसुदा कोणी तयार केला त्या जागी, आमचीच आद्याक्षरे आहेत.